घराच्या विम्यात काय बसतं आणि काय बसत नाही

पावसाळ्यात छताला ओल येते, प्लास्टरचे पापुद्रे सुटतात, कपाटामागे बुरशी चढते आणि मग घराच्या विम्याची पॉलिसी शोधली जाते. क्लेम टाकला जातो, सर्व्हेअर येऊन भिंतीवरून हात फिरवून जातो आणि काही दिवसांनी नकाराचं पत्र येतं. घरमालकाला वाटतं, कंपनीने फसवलं. खरं तर बहुतेक वेळा त्या नुकसानाला पॉलिसीत कधी जागाच नव्हती आणि पॉलिसी विकताना कोणी ते सांगितलं नव्हतं.

घराचा विमा किती नुकसान झालं हे नंतर बघतो, ते कशामुळे झालं हे आधी बघतो. एकाच भिंतीवर एकसारखी ओल असू शकते. वादळाने कौलं उडाली आणि त्या रात्री पाणी आत आलं, तर ती ओल विम्यात बसते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग संपलं म्हणून चार पावसाळे पाणी झिरपत राहिलं, तर बसत नाही. पुढचं सगळं या एका फरकाशी जोडून वाचावं.

भारतात १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. विमा नियामक आयआरडीएआयने तिचा मसुदा ठरवून दिला, त्यामुळे कोणत्याही सर्वसाधारण विमा कंपनीकडे गेलात तरी मूळ अटी त्याच असतात. फरक पडतो तो हप्त्यात, ॲड-ऑनमध्ये (म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून वेगळं घ्यायच्या जादा विमाछत्रात) आणि सेवेत. त्याआधी घरांनाही 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' हीच पॉलिसी चिकटवली जायची. जुनी दीर्घ मुदतीची पॉलिसी अजून चालू असेल तर तिच्या अटी वेगळ्या आहेत, तेव्हा पहिल्या पानावरचं नाव आधी बघा.

या पॉलिसीत घटनांची यादी आहे: आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी साचणं, दरड, जमीन खचणं, वणवा, बाहेरची वस्तू आदळणं (वाहन, झाड, शेजारची भिंत), दंगल, संप, खोडसाळपणे केलेलं नुकसान, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं वा ओसंडणं. यापैकी काही घडलं आणि त्यामुळे ७ दिवसांच्या आत घरातून चोरी झाली, तर तीही धरली जाते. यादीत नसलेल्या कारणाने झालेलं नुकसान बाहेर. वाळवी, गंज, जुनाट वायरिंग, झिजलेली लाकडी तुळई, बाथरूमच्या सांध्यातून वर्षानुवर्षं होणारी गळती हा सगळा देखभालीचा खर्च. तो मालकाचाच.

गळतीचा मुद्दा जरा नीट बघायला हवा, कारण महाराष्ट्रात सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. पाइप 'फुटणं' आणि पाइप 'झिरपणं' यात विमा कंपनी स्पष्ट फरक करते. वरच्या मजल्यावरची टाकी रात्री ओसंडली आणि खालच्या घरातलं फॉल्स सीलिंग कोसळलं, तर घटनेची तारीख आणि वेळ सांगता येते. सहा महिने पसरत गेलेल्या पिवळ्या डागाची तारीख कोणीच सांगू शकत नाही. सर्व्हेअर भिंतीवर एकावर एक पडलेल्या ओलीच्या कडा बघतो, रंगाखाली आलेला मिठाचा फुलोरा बघतो आणि नुकसान जुनं आहे हे ओळखतो. म्हणून पाइप फुटल्याचं लक्षात आलं की तुटलेला तुकडा प्लंबरला फेकू देऊ नका. तोच पुरावा. आणखी एक गोष्ट: तुमच्या टाकीचं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या घरात गेलं, तर त्याची भरपाई तुमच्या मूळ पॉलिसीत नाही. त्यासाठी तृतीय पक्षाच्या दायित्वाचं वेगळं ॲड-ऑन लागतं.

विजेच्या उपकरणांबाबतची अट तर वाचून खरी वाटत नाही. शॉर्टसर्किट, जादा दाब, आपोआप तापणं, वीजगळती यांमुळे एखादं उपकरण जळालं, तर त्या उपकरणाचे पैसे मिळत नाहीत. आकाशातली वीज या कलमात नाव घेऊन लिहिलेली आहे. म्हणजे जूनच्या गडगडाटात वायरीतून आलेल्या झटक्याने टीव्ही आणि राउटर गेला, तर मूळ पॉलिसीत त्याला जागा नाही, आणि 'वीज पडणं' घटनांच्या यादीत आहे म्हणून वाद घालून उपयोग होत नाही. मात्र ही वगळणूक फक्त त्या बिघडलेल्या उपकरणापुरतीच. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली आणि स्वयंपाकघर जळालं, तर फ्रिज सोडून बाकी ओटा, कपाटं, भिंती, खिडक्या सगळं आगीच्या नुकसानात येतं. कित्येक क्लेम 'शॉर्टसर्किट' हा शब्द वाचून घरमालक स्वतःच सोडून देतात. सोडू नका. उपकरणांची खरोखर काळजी असेल तर विद्युत आणि यांत्रिक बिघाडाचं ॲड-ऑन घ्या, पण उपकरणाच्या वयाची अट आधी विचारा.

जमिनीशी संबंधित कलम डोंगराळ आणि किनारी भागातल्यांनी दोनदा वाचावं. दरड कोसळणं विम्यात आहे. माळीण (२०१४), तळीये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) या ठिकाणी जे झालं, तशा घटनेत विमा असलेल्या पक्क्या घराचा दावा यादीत बसतो. पण त्याच कलमाखाली पाच गोष्टी वगळल्या आहेत: नव्या बांधकामाचं नेहमीचं 'बसणं' आणि त्याच्या भेगा, भराव टाकलेल्या जमिनीचं खचणं, समुद्र किंवा नदीमुळे होणारी धूप, सदोष आराखडा, कारागिरी किंवा साहित्य, आणि पाडकाम, बांधकाम, दुरुस्ती किंवा खोदकामामुळे झालेली हालचाल. कोकणात समुद्र दरवर्षी अंगणाचा थोडा थोडा भाग खातो, तेव्हा ती धूप आहे आणि ती बाहेर आहे. पुण्या-मुंबईत शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंटचा तीन मजली तळघराचा खड्डा खणला आणि तुमच्या कंपाउंडला तडे गेले, तर तेही खोदकाम म्हणून बाहेर. तिथे दाद बिल्डरकडे मागायची असते. म्हणून शेजारी खोदाई सुरू होण्याआधीच घराच्या चारही बाजूंचे तारखेसह फोटो काढून ठेवणं आणि बिल्डरला लेखी पत्र देणं फार उपयोगी पडतं. 'तडे आधीपासूनच होते' हे उत्तर तिथे हमखास ऐकावं लागतं.

आता रकमेकडे येऊ. इथल्या मर्यादा कारणांच्या मर्यादेइतक्याच महत्त्वाच्या आहेत. घराची विमा रक्कम म्हणजे बाजारभाव नव्हे. ती काढायची रीत अशी: घराचं कार्पेट क्षेत्रफळ गुणिले तुमच्या भागातला आजचा बांधकाम खर्च. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत, कारण जमीन जळत नाही. ६५० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट आणि बांधकाम दर चौरस फुटाला २,५०० रुपये धरला, तर इमारतीची विमा रक्कम १६ लाख २५ हजार होते. तोच फ्लॅट बाजारात ८० लाखांना विकला जात असेल, तरी आगीनंतर हातात ८० लाख येणार नाहीत. काही कंपन्या फ्लॅटसाठी ठरलेल्या किमतीवर वेगळा विमा देतात, पण त्याच्या अटी आणि हप्ता दोन्ही वेगळे असतात.

मूळ पॉलिसीत घरातल्या सामानाला आपोआप विमाछत्र मिळतं, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. वरच्या उदाहरणात ते ३ लाख २५ हजार झाले. दोन एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, सोफा, पलंग, गाद्या, कपडे, भांडी आणि मुलांचे दोन लॅपटॉप अशी बेरीज करून बघा. बऱ्याच घरांत ती या आकड्याच्या पुढे जाते. मग सामानाची यादी देऊन जास्त रक्कम घ्यावी लागते. हे काम प्रस्ताव अर्ज भरतानाच करायचं.

या पॉलिसीची एक मोठी जमेची बाजूही सांगायला हवी. जुन्या पद्धतीत 'सरासरी कलम' लागायचं: ३० लाखांचं घर १५ लाखांना विमाकृत असेल आणि ८ लाखांचं नुकसान झालं, तर अर्ध्याच जोखमीचा विमा म्हणून ४ लाखच मिळायचे. भारत गृह रक्षेत हे कलम काढून टाकलं आहे. अंशतः नुकसान झालं तर विमा रकमेच्या मर्यादेत ते पूर्ण मिळतं. पण घर पूर्णच गेलं, तर विमा रकमेवर एक रुपयाही वर मिळत नाही, म्हणून हप्ता वाचवायला क्षेत्रफळ किंवा दर कमी लिहिण्यात शहाणपणा नाही. पॉलिसी एका वर्षाहून जास्त मुदतीची असेल, तर विमा रक्कम दर वर्षी सुरुवातीच्या रकमेच्या १० टक्क्यांनी आपोआप वाढते. मुदत १० वर्षांपर्यंत घेता येते. दरवर्षी नूतनीकरण विसरणाऱ्यांनी लांब मुदतच घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.

छोट्या टक्केवाऱ्याही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. राडारोडा हलवण्यासाठी दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर यांच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत मिळतात. घर राहण्यालायक उरलं नाही तर तात्पुरत्या घराचं भाडं किंवा बुडालेलं भाडं हेही मूळ पॉलिसीतच आहे, पण ते लोक मागतच नाहीत. दुसऱ्या जागेचा भाडेकरार आणि भाडं भरल्याच्या बँकेतल्या नोंदी ठेवल्या तर मागता येतं.

घर वाढवलंत तर कळवा. गच्चीवर खोली चढवली, पडवी बंद करून हॉलमध्ये घेतली आणि कार्पेट क्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढलं, तर जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंद करून घेतल्याशिवाय वाढीव भाग विम्यात येत नाही. वापर बदलला तरी तेच. पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. तळमजल्यावर दवाखाना काढला किंवा कोकणातलं घर होमस्टे म्हणून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली, तर कंपनीला लेखी कळवून उत्तर घ्या. गवत, बांबू, झावळ्या, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर असेल तर ते कच्चं बांधकाम धरलं जातं, आणि ते अर्जात स्पष्ट लिहायलाच हवं.

चोरीबद्दल सगळ्यात मोठा धक्का बसतो. वरच्या यादीतल्या घटनेनंतरच्या ७ दिवसांतली चोरी सोडली, तर साधी घरफोडी मूळ पॉलिसीत नाही. तिचं वेगळं छत्र घ्यावं लागतं. त्यातही कंपन्या बहुधा जबरदस्तीने आत शिरल्याची खूण मागतात: तुटलेलं कुलूप, वाकवलेलं ग्रिल. उघड्या दारातून मोबाइल गेला किंवा कामाला येणाऱ्या माणसावर संशय असेल, तर शब्दरचना बघितल्याशिवाय काही गृहीत धरू नका. घर सलग किती दिवस बंद असलं तर चालतं, याचीही मर्यादा बहुधा या छत्रात लिहिलेली असते. पुण्यातला फ्लॅट बंद ठेवून परदेशी राहणाऱ्यांनी तो आकडा आधी शोधावा.

दागिने, चांदीची भांडी, चित्रं यांच्यासाठी मौल्यवान वस्तूंचं वेगळं ऐच्छिक छत्र आहे. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही, त्यावर लागतो. मात्र सोन्याची वळी-बिस्किटं, न जडवलेले खडे, रोख रक्कम, नाणी, धनादेश, कागदपत्रं आणि वाहनं, पॉलिसीत खास उल्लेख नसेल तर, बाहेरच राहतात. पुरात पार्किंगमधली गाडी बुडाली तर दावा मोटार विम्यावर टाकायचा. लॉकरमधलं सोनं घराबाहेर आहे, त्यामुळे घराचा विमा तिथे पोचत नाही. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक झाली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेचं दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीइतकं असतं. भाडं ३,००० रुपये असेल तर ३ लाख. नैसर्गिक आपत्तीत तेही नाही.

सोसायटीत राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढण्याची तरतूद आहे, आणि मासिक बिलात विम्याचा आकार असतो. पण सेक्रेटरीकडे जाऊन पॉलिसीचं शेड्यूल मागा आणि तीन गोष्टी बघा: मुदत संपलेली नाही ना, विमा रक्कम आजच्या बांधकाम दराने आहे की दहा वर्षांपूर्वीच्या, आणि पूर व वादळ त्यात आहे का. संस्थेच्या पॉलिसीत सांगाडा, जिने, लिफ्ट, पंप, गच्ची येतात. तुमचं मॉड्युलर किचन, वॉर्डरोब आणि सामान येत नाही. संस्थेचा विमा पुरेसा असेल तर सदस्याने सामान आणि आतल्या कामाचा विमा घेणं पुरतं, कारण एकाच भिंतीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. संस्थेचा विमा नसेल तर स्वतःच्या फ्लॅटचा विमा जरूर घ्या, पण त्याची हद्दही ओळखा: इमारत पूर्ण कोसळली तर तुमच्या एकट्याच्या १६ लाखांनी तिसरा मजला उभा राहत नाही. त्यासाठी सगळ्यांचे पैसे लागतात. म्हणून हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडायला हवा.

गृहकर्ज घेतलेल्यांनी फाइल उघडून बघावं. 'बँकेने विमा काढलाय' असं ज्याला म्हणतात तो कित्येकदा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो, घराचा नव्हे. घराचा असलाच, तर ५ वर्षांची मुदत संपून गेलेली असते आणि कर्जाची १२ वर्षं अजून बाकी असतात.

आणि नुकसान झालंच तर? २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड इथे घरांत जसं पाणी शिरलं, तशा पुरानंतर पहिली इच्छा होते ती चिखल काढायची. त्याआधी अर्धा तास द्या. भिंतीवरची पाण्याची रेघ पट्टी किंवा टेप लावून फोटोत घ्या. प्रत्येक उपकरणाचा मॉडेल आणि सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढा. फ्रिज किंवा मशीन 'चालतंय का बघू' म्हणून प्लगला लावू नका. ओल्या मोटरमध्ये शॉर्टसर्किट झालं की पुराचं नुकसान वर सांगितलेल्या विजेच्या कलमात ढकलायला कारण मिळतं. सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर 'पाणी शिरल्याने बिघाड' असं लिहून घ्या. कुजणाऱ्या गाद्या ठेवणं शक्य नसेल तर फोटो काढून कंपनीला मेल करा आणि मगच टाका.

कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर एफआयआर, पूर-वादळ असेल तर तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जोडा. पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, पण तारीख आणि कारण सिद्ध करायला तो उत्तम. गॅस सिलिंडरचा स्फोट असेल तर वितरकालाही लगेच लेखी कळवा. तेल कंपन्यांच्या दायित्व विम्यात नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेला २ लाखांपर्यंत तरतूद असते.

नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने सूचना मिळाल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा. अहवालाची प्रत मागून घ्या. नकार आला तर पत्रात कोणत्या कलमाचा आधार घेतला आहे ते बघा. कलम क्रमांक नसलेला नकार मान्य करू नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, म्हणून नकाराचं पत्र ज्या लिफाफ्यातून आलं तो लिफाफाही तारखेच्या शिक्क्यासह जपून ठेवा.